पौर्णिमेच्या रात्री कोकणात पुळणीवर तंबू लावताय? आधी भरतीचा हिशोब समजून घ्या

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटताना ग्रुपवर मेसेज पडतो, "उद्या कोकण?" अर्ध्या तासात चार जण तयार होतात, कुणाकडे गाडी असते, कुणाकडे ऑनलाइन घेतलेला आणि अजून एकदाही न उघडलेला तंबू असतो. बुकिंग नाही, प्लॅन नाही. सकाळी निघायचं आणि जिथे समुद्र आवडेल तिथे मुक्काम टाकायचा.

अशी ट्रिप कोकणात जमतेही. जेवणाची सोय वाटेत होते, खोली आयत्या वेळी मिळते, रस्ता चुकला तरी दुसरं गाव लागतं. पण एक वेळापत्रक असं आहे जे तुम्ही निघायच्या आधीच ठरलेलं असतं आणि कुणासाठीही बदलत नाही. ते म्हणजे भरती-ओहोटीचं. तंबू कुठे लावायचा, गाडी कुठे उभी करायची, पाण्यात कधी उतरायचं, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा कधी करायची, हे सगळं त्यावर ठरतं.

संध्याकाळी मैदान, मध्यरात्री पाणी

समुद्राला साधारण २४ तास ५० मिनिटांत दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या ओहोटीपर्यंत सहा तासांच्या थोडं वर वेळ जातो. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीची वेळही रोज तेवढीच पुढे सरकते.

पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात. सूर्य-चंद्राची ओढ एकत्र काम करते, त्यामुळे भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त उतरते. याला उधाण म्हणतात. सगळ्यात मोठी भरती बरेचदा पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येते. अष्टमीच्या सुमारास चंद्र आणि सूर्याची ओढ एकमेकांना आडवी असते, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. कोकणात याला भांग म्हणतात.

आता कॅम्पिंगचा आवडता बेत बघा. चांदणं हवं म्हणून लोक पौर्णिमेचा वीकेंड निवडतात. पौर्णिमेला मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. म्हणजे संध्याकाळी सहाला, तुम्ही पोहोचता तेव्हा, पूर्ण ओहोटी असते. समोर लांबच लांब ओली, सपाट पुळण दिसते. पाणी कुठेतरी दूर. तंबू लावायला याहून चांगली जागा दिसत नाही. आणि नेमकं याच दिवशी, सगळे झोपले असताना, महिन्यातल्या सगळ्यात मोठ्या भरतींपैकी एक येते.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. मुंबईकडच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात दिवसाची भरती चढी असते, तर हिवाळ्यात रात्रीची. कॅम्पिंगचा सीझन हिवाळ्यातलाच. त्यामुळे दुपारी पाणी कुठवर आलं होतं हे कुणी सांगितलं, तरी रात्री ते त्याच्याही वर येऊ शकतं.

पाणी एकसारखं चढत नाही

लोक फसतात ते आणखी एका कारणामुळे. भरतीचं पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. खलाशी यासाठी बारा हिश्शांचा ठोकताळा वापरतात. एकूण चढायच्या पाण्याचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात १ भाग चढतो, दुसऱ्या तासात २, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ३, पाचव्या तासात २ आणि सहाव्या तासात पुन्हा १.

उधाणाला मुंबई-अलिबागकडे ओहोटी आणि भरतीच्या पातळीत ४ मीटरच्या आसपास फरक पडतो. दक्षिणेला मालवणकडे जावं तसा हा फरक कमी होत जातो. ४ मीटर धरले, तर सहा ते आठ या दोन तासांत पाणी फक्त १ मीटर चढतं. आठ ते दहा या दोन तासांत ते २ मीटर चढतं.

ही उंची झाली. सपाट पुळणीवर ती आडवी पसरते. वाळूचा उतार ५० मीटरला १ मीटर असेल, तर पाणी १ मीटर चढताना ५० मीटर आत येतं. म्हणजे आठपर्यंत "पाणी अजून लांब आहे" असं वाटत राहतं आणि जेवून परत येईपर्यंत ते आणखी १०० मीटर आत आलेलं असतं.

कॅलेंडरवरून भरती कशी काढायची?

मोबाईलवर भरतीचे तक्ते सहज मिळतात आणि आधी तेच बघावेत. पण कोकणात रेंज जाते. अशा वेळी किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब कामाला येतो. त्या दिवसाची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ, सकाळची आणि रात्रीची दोन्ही. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच.

- चतुर्थी: ४ ची पाऊणपट ३. भरती ३ च्या सुमारास, ओहोटी सव्वानऊच्या सुमारास.
- षष्ठी: ६ ची पाऊणपट साडेचार. भरती साडेचारला, ओहोटी पावणेअकराला.
- अष्टमी: ८ ची पाऊणपट ६. भरती सहाला, ओहोटी सव्वाबाराला.
- एकादशी: ११ ची पाऊणपट सव्वाआठ. भरती सव्वाआठला, ओहोटी अडीचला.
- पौर्णिमा, अमावास्या: १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. भरती सव्वाअकरा ते बारा, ओहोटी सहाच्या सुमारास.

हा ठोकताळा आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चालायचा. रत्नागिरीच्या खाली भरती मुंबईपेक्षा साधारण तासभर आधी येते. पण "आपण झोपलेलो असताना पाणी वर येणार आहे का?" या प्रश्नाचं उत्तर एवढ्यावर मिळतं. षष्ठीला संध्याकाळी सहाला पाणी उतरताना दिसेल, तुम्ही निर्धास्त व्हाल, आणि पहाटे साडेचारला ते परत येईल.

वाळूवर बसायचं असेल तर सगळ्यात सोपा वीकेंड अष्टमीच्या आसपासचा. संध्याकाळी सहाला पाणी जवळपास त्याच्या टोकाला असतं, म्हणजे ते कुठवर येतं हे डोळ्यांनी दिसतं. शिवाय भांग असल्यामुळे ते फार चढत नाही. पहाटेची भरती थोडी कमी-जास्त असू शकते, तेवढं अंतर मात्र ठेवावं.

गाडी वाळूत का रुतते?

दर सुट्टीच्या सीझनला पाण्यात अडकलेल्या एसयूव्हीचा एखादा व्हिडिओ फिरतो. चालवणाऱ्याला गाडी येत नसते असं नाही. ओहोटीला उघडी पडलेली ओली वाळू दाबलेली आणि टणक असते, गाडी तिच्यावर आरामात चालते. भरती येऊ लागली की वाळूच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरतात, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि तीच वाळू चिखलासारखी होते. उभ्या गाडीच्या चाकाभोवती लाटा येऊन-जाऊन खड्डा करतात. चालकाने एक्सलरेटर दिला की चाक जागेवर फिरतं आणि आणखी खाली जातं. फोर बाय फोर असली तरी चेसिस वाळूला टेकल्यावर उपयोग होत नाही.

त्यामुळे गाडी रस्त्यावर किंवा गावातल्या पार्किंगमध्येच ठेवावी. अनेक किनाऱ्यांवर वाहन उतरवायला प्रशासनाने बंदी घातलेली आहे आणि गुन्हेही दाखल होतात. तरी रुतलीच, तर चाक फिरवत बसू नये. टायरमधली हवा कमी करावी, चाकापुढची वाळू हाताने उकरावी, फळी किंवा पायपुसणं खाली घालावं आणि त्याच वेळी गावात ट्रॅक्टरसाठी निरोप धाडावा. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं असेल, तर माणसं आणि सामान बाहेर काढणं पहिलं.

मग तंबू कुठे लावायचा?

पुळणीवर फिरताना सुकलेलं शेवाळ, शंख-शिंपले, काटक्या, थर्माकोलचे तुकडे यांची किनाऱ्याला समांतर अशी एक ओळ दिसते. मागच्या भरतीला पाणी तिथवर आलं होतं. कधी अशा दोन-तीन ओळी असतात. सगळ्यात वरची ओळ उधाणाची. तंबू त्या वरच्या ओळीच्याही मागे हवा.

पण त्या ओळीच्या मागे काय असतं? कोकणात बहुतेक ठिकाणी तिथे सुरूचं बन लागतं आणि त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या. सुरूचं बन बहुधा वनखात्याचं किंवा ग्रामपंचायतीचं असतं. वाडी तर कुणाच्या तरी घरची असते. "बीच सगळ्यांचा" म्हणून कुठेही तंबू ठोकता येत नाही. गावात विचारूनच जागा घ्यावी.

विचारणं अवघडही नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात "घरगुती राहण्याची व जेवणाची सोय" अशा पाट्या असतात. तिथे जाऊन "काका, अंगणात तंबू लावला तर चालेल का?" एवढं विचारलं, की बरेचदा जागा, विहिरीचं पाणी, शौचालय आणि सकाळचा चहा एकत्र मिळतो. किती पैसे द्यायचे ते आधी ठरवून घ्यावं. जेवायचं असेल तर पोहोचल्याबरोबर सांगावं. घरगुती खाणावळीत रात्री नऊला जाऊन चार सुरमई थाळ्या मागितल्या तर मिळत नाहीत, कारण मासे सांगितल्यावरच आणले जातात.

जागा निवडताना आणखी काही गोष्टी बघाव्यात.

- नारळाच्या झाडाखाली तंबू नको. सुका नारळ किंवा झाप कधीही पडतो.
- सुरूच्या बनात शेकोटी नको. खाली पडलेल्या सुया वाळल्यावर झटकन पेट घेतात.
- कातळावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सड्यावर, दृश्य छान असतं, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात तिथे फुरसं सापडतं. हा छोटा विषारी साप दगडांच्या फटीत आणि पाचोळ्यात बसतो. रात्री टॉर्चशिवाय आणि बुटांशिवाय फिरू नये, सकाळी बूट झटकून घालावेत.
- खाडीच्या मुखाजवळची वाळू नको. तिथे पाणी दोन्ही बाजूंनी येतं.

त्याच जागेवर कुणीतरी आधीपासून येतंय

भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू माणसाला आवडते तशी ऑलिव्ह रिडले कासवालाही आवडते. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा कोकणातल्या बऱ्याच किनाऱ्यांवर मादी कासवं रात्री पाण्याबाहेर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि खड्डा बुजवून परत जातात. अंडी घालण्याचा काळ साधारण नोव्हेंबर ते मार्च. पिल्लं सुमारे ५० दिवसांनी बाहेर पडतात आणि फेब्रुवारीपासून उन्हाळ्यापर्यंत समुद्राकडे जाताना दिसतात. म्हणजे कॅम्पिंगचा सीझन आणि कासवांचा सीझन एकच.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला कासव संरक्षणाचं काम सुरू केलं. पूर्वी अंडी चोरीला जायची, आता गावकरी घरटी शोधून कुंपणात सुरक्षित ठेवतात. आज वेळास कासव महोत्सवासाठी ओळखलं जातं आणि पर्यटक गावातल्याच घरांत राहतात.

पिल्लं वाळूतून बाहेर आल्यावर उजेडाच्या दिशेने चालतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर समुद्राची बाजू जास्त उजळ असते, म्हणून ती पाण्याकडे जातात. किनाऱ्यावर शेकोटी, हेडलाइट किंवा एलईडीची माळ असेल तर ती उलट दिशेला येतात. मादी कासवही उजेड आणि गोंगाट दिसला तर अंडी न घालता मागे फिरते. हे कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंड्यांना किंवा पिल्लांना हात लावणं हा गुन्हा आहे. कासव दिसलं तर दिवा बंद करून लांब थांबावं आणि गावातल्या कासवमित्रांना कळवावं.

पाण्यात उतरताना

१ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी मुरुड-जंजिऱ्याच्या समुद्रात बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता, ऐन हिवाळा होता. समुद्र शांत दिसतो याचा अर्थ तो सुरक्षित आहे असा होत नाही.

लाटांनी किनाऱ्यावर आलेलं पाणी कुठून तरी परत जातं. काही ठिकाणी ते एका अरुंद पट्ट्यातून जोरात आत खेचलं जातं. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मध्ये एक गडद, शांत पट्टा दिसतोय, तर तोच तो धोक्याचा ओढा. पोहायला येणारी माणसं नेमकी "इथे लाटा नाहीत" म्हणून तिथे उतरतात.

ओढात सापडलात तर किनाऱ्याकडे पोहू नका. ओढ तुमच्यापेक्षा जोरात असते आणि दमल्यावर माणूस बुडतो. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा आणि किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर या. मगच किनाऱ्याकडे वळा. बाहेर उभ्या असलेल्यांनीही मागे उडी मारू नये. दोर, रिकामा पाण्याचा कॅन, लाइफ जॅकेट असं तरंगणारं काहीतरी फेकावं. एकाला वाचवायला गेलेले दुसरे बुडाले, असं अनेकदा होतं.

ओहोटी लागलेली असताना, खाडीच्या मुखाजवळ, अंधार पडल्यावर आणि दारू प्यायल्यावर पाण्यात उतरायचं नाही.

दोन दिवसांत नेमकं किती बघून होतं?

रेवसपासून रेड्डीपर्यंत किनाऱ्याने जाणारा सागरी महामार्ग नावाला महामार्ग आहे. बराच भाग गावांमधून, चढ-उतारांवरून आणि वळणांवरून जातो. इथे किलोमीटरऐवजी तास मोजावेत. १०० किलोमीटरला तीन ते चार तास धरले तर चिडचिड होत नाही.

मधल्या खाड्यांवर गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. उत्तरेकडून आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ. पाण्यावरचा प्रवास थोड्याच मिनिटांचा असतो, पण वळसा मोठा वाचतो. दाभोळची बोट चुकली तर गुहागरला चिपळूणमार्गे जावं लागतं. या बोटी रात्रभर चालत नाहीत आणि मोठ्या ओहोटीला कधी कधी फेऱ्या लांबतात. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या गावातच विचारून घ्यावी. मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोटही मार्च २०२० पासून आहे.

पुण्याहून निघणाऱ्यांसाठी बसणारा एक मार्ग असा. शनिवारी पहाटे ताम्हिणी घाटातून माणगाव, तिथून म्हसळामार्गे दिवेआगर. दुपारी जेवण, संध्याकाळी आरावी-शेखाडीच्या समुद्राला लागून जाणाऱ्या रस्त्याने श्रीवर्धन आणि मुक्काम हरिहरेश्वरला. रविवारी सकाळी बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवी, मग वेळास आणि केळशी. परत येताना मंडणगड, म्हाप्रळ-आंबेत, माणगाव. आंबेतचा पूल दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद राहिलेला आहे, तेवढं विचारून निघावं. दापोली आणि गुहागर याच दोन दिवसांत कोंबायचा प्रयत्न केला तर गाडीतच बसून राहावं लागतं.

यातही भरती आडवी येते. हरिहरेश्वरच्या देवळामागची प्रदक्षिणेची वाट समुद्राच्या खडकांवरून जाते आणि ती फक्त ओहोटीलाच करता येते. भरतीला तिथे गेलेले लोक लाटेने ओढले गेले आहेत. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं, परतीची वेळ चुकली तर अडकून पडावं लागतं. उलट गुहागर तालुक्यात हेदवीला बामणघळ बघायची तर भरतीच हवी. खडकातल्या चिंचोळ्या घळीत लाट शिरते आणि पाणी उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसेल.

कधी जाऊ नये?

जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर तंबूचा विचार करू नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा व किल्ल्यांकडे जाणाऱ्या पर्यटक बोटीही बंद ठेवल्या जातात. ज्या समुद्रात कोळी होडी घालत नाहीत, त्याच्या काठावर झोपायला जाण्यात अर्थ नाही. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात बरा. मार्चनंतर रात्रीही घामाघूम व्हायला होतं.

हिवाळ्यातही निघण्याआधी इन्कॉइस या हैदराबादच्या सरकारी संस्थेचा लाटांचा इशारा बघावा. लांबच्या समुद्रातल्या वादळामुळे, इथे वारा नसतानाही, किनाऱ्यावर मोठ्या लाटा येऊ शकतात.

निघण्याआधी दहा मिनिटांत

- शनिवार-रविवारची तिथी आणि भरतीच्या वेळा बघून ग्रुपवर टाका.
- ज्या फेरीबोटीने जायचंय तिची शेवटची वेळ विचारा.
- पेट्रोल माणगाव, श्रीवर्धन, दापोली अशा मोठ्या गावातच भरा. रोख पैसे ठेवा.
- ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या.
- टॉर्च, बूट, दोर, पिण्याचं पाणी आणि कचऱ्यासाठी दोन मोठ्या पिशव्या घ्या. कचरा गाडीतून परत आणा.
- हे नंबर सेव्ह करा: ११२ (आपत्कालीन मदत), १०८ (रुग्णवाहिका), १०९३ (सागरी पोलीस), १५५४ (तटरक्षक दल).

गावात पोहोचल्यावर पहिला प्रश्न "बीच कुठेय?" असा न विचारता "आज भरती किती वाजता?" असा विचारावा. वेळ तर कळेलच, शिवाय तंबू कुठे लावावा आणि कुठे लावू नये हेही तोच माणूस सांगेल.